पांढऱ्या पेटीतलं तापमान

मे महिन्यात नागपूरकर सकाळी पेपर उघडतो तो राजकारण वाचायला नव्हे. कालचा पारा किती होता ते आधी बघतो आणि कमी छापलाय म्हणून चिडतो. "पंचेचाळीस? हट्! काल अठ्ठेचाळीसच्या खाली नव्हतंच." हवामान खातं आकडे दाबतं, अशी आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा आहे. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा अख्ख्या शहराला आपलं म्हणणं एकदाचं खरं ठरल्याचा आनंद झाला. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा खात्यानं केला. शहराचं मत असं, की शहरात तो एकटाच धड चालत होता.

खातं आकडे दाबत नाही. पण ते आकडा घेतं कुठून, हे एकदा जाऊन बघा. मोकळ्या जागेत चार पायांवर उभी एक लाकडी पेटी असते. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी झडपा, म्हणजे वारा खेळता राहील आणि ऊन मात्र दारातूनच परत जाईल. दार उत्तरेला, कारण आकडा बघायला कुणी ते उघडलं तरी थर्मामीटरवर कवडसा पडता कामा नये. आणि एवढं सगळं करून वर ती पेटी पांढरीशुभ्र रंगवलेली. स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकात ती घडवली. त्याच्या मुलानं पुढं 'ट्रेझर आयलंड' लिहिलं. पुस्तक चांगलंच आहे, पण नागपूरच्या उन्हात बसून विचाराल तर खरा खजिना बापाला सापडला होता.

तर पेपरातले पंचेचाळीस अंश हे या पेटीतले. उत्तराभिमुख, हवेशीर, सावलीतल्या, पांढऱ्या घरात राहणाऱ्या थर्मामीटरला जे वाटलं ते. असं घर आमच्याकडे कुणाला मिळालं तर तो ते विकणार नाही आणि भाड्यानंही देणार नाही.

थर्मामीटर जिथं राहत नाही तिथं आपण राहतो. डोक्यावर टिन. पायाखाली डांबर. गच्चीवर काळी टाकी. कोर्टात काम असेल तर अंगात काळा कोट. आणि बुडाखाली काळ्या रेक्झिनची सीट. तासभर उन्हात उभी केलेली स्कूटर आणि तिच्यावर बेसावध बसलेला माणूस, हा उष्णता शोषणाचा प्रयोग विदर्भात रोज लाखो लोक स्वतःच्या देहावर करतात. प्रबंध मात्र एकही निघत नाही. अनुभवी माणूस सीटवर आधी वर्तमानपत्र अंथरतो. या सदराचा तेवढा एक उपयोग निर्विवाद आहे.

काळं तापतं, पांढरं तेवढं तापत नाही. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण एका शास्त्रज्ञानं ते फार झकास दाखवलं होतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी शिंप्याच्या नमुन्यांतले कापडाचे तुकडे घेतले, काळा, गडद निळा, फिका निळा, हिरवा, लाल, पांढरा असे, आणि ऊन असलेल्या सकाळी बर्फावर मांडून ठेवले. काही तासांत काळा तुकडा खाली इतका रुतला की ऊन त्याच्यापर्यंत पोचेना. पांढरा जिथं ठेवला होता तिथंच बर्फावर बसून राहिला. बाकीचे आपापल्या रंगाच्या ऐपतीप्रमाणे मध्ये कुठं कुठं. हे सगळं त्यांनी एका ओळखीच्या मुलीला पत्रात लिहून कळवलं, ते १७६१ साली. आपण त्या वर्षी पानिपतात होतो. मुलीचं आडनाव, योगायोगानं, स्टीव्हन्सनच. पेटीवाल्यांशी नातं नाही.

फ्रँकलिन प्रयोग करून थांबले नाहीत. ज्या विद्येचा उपयोग होत नाही ती काय कामाची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पुढं लिहिलं, की उष्ण देशात काळे कपडे नकोत. ईस्ट किंवा वेस्ट इंडीजमध्ये उन्हात राबणाऱ्या शिपायांना आणि खलाशांना पांढरा गणवेश द्यावा.

ईस्ट इंडीज म्हणजे आम्हीच. पत्राला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९६१ साली, आम्ही स्वतंत्र भारताचा वकील कायदा केला आणि त्याखालच्या नियमांत वकिलांना काळा कोट दिला.

हा काळा पोशाख इंग्लंडातल्या वकिलांनी सतराव्या शतकात राजघराण्यातल्या एका मृत्यूच्या दुखवट्यात अंगावर चढवला आणि मग उतरवलाच नाही, अशी कथा सांगतात. कोणाचा मृत्यू, यावर कथेकथेत मतभेद आहेत. आपल्याकडे सुतक दहा दिवसांचं. हे तीनशे वर्षं झाली तरी फिटेना, आणि तेही दुसऱ्याच्या घरातलं. पांढरं म्हणाल तर त्या पोशाखात गळ्याखाली बँडच्या दोन पट्ट्या आणि कोटाच्या आत कोंडलेला शर्ट. म्हणजे ऊन परतवणारा रंग आत आणि ओढून घेणारा बाहेर. उलटा कोट घातला तरी बरं.

नियमात सवलत आहे, नाही असं नाही. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी ठिकाणी उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही. हायकोर्टात सक्ती आहे, पण हायकोर्टानं उन्हाळ्यावर त्याहून जालीम उपाय शोधलेला आहे: मे महिन्याची सुट्टी. राहिला खालच्या कोर्टातला वकील. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना मी विचारलं, "सवलत आहे ना? मग भर दुपारी कोट कशाला?" ते म्हणाले, "भाऊ, कोट काढला की पक्षकार फी अर्धी करते." यावर बार कौन्सिल तरी काय नियम करणार?

एक शंकेखोर वाचक इथं हात वर करील. वाळवंटातले बेदुइन काळे झगे घालतात, त्यांचं काय? ते काय वेडे आहेत? प्रश्न इतका चोख आहे की १९८० साली 'नेचर'मध्ये त्यावर चार शास्त्रज्ञांचा निबंधच आला. त्यांनी एका माणसाला नेगेवच्या वाळवंटात भर दुपारी सूर्याकडं तोंड करून उभं केलं. कधी काळ्या झग्यात, कधी पांढऱ्या, कधी खाकी लष्करी कपड्यात, कधी नुसत्या चड्डीवर. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापलं, हे खरंच. पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचलीच नाही. झगा सैल, घेरदार. आत हवा तापते, गळ्याकडून वर निघून जाते, खालून दुसरी शिरते. धुराड्यासारखं. त्यामुळे आतल्या माणसाला काळं काय नि पांढरं काय, सारखंच.

म्हणजे रंगाच्या बरोबरीनं शिवणही महत्त्वाची. आता वकिलाचा कोट बघा. अंगाबरोबर बेतलेला, अस्तर लावलेला, बटणं लावलेली, आणि धुराडं जिथून निघायचं त्या गळ्याला बँड आवळलेला. बेदुइनानं जेवढी अक्कल लढवली ती एकेक शोधून काढून टाकली आहे.

आमच्या घरच्या परंपरेत हे शहाणपण होतं. विठोबा काळा आहे, पण तो गाभाऱ्यात, सावलीत, विटेवर उभा. त्याच्यासाठी मैलोन्मैल उघड्यावर चालणारा वारकरी मात्र पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या टोपीत. कोणी कुठं राहायचं आणि काय नेसायचं, याची वाटणी इतकी नेमकी कुठल्याही समितीला जमली नसती.

देवळांवरून आठवलं. आपली देवळं बव्हंशी काळ्या पाषाणाची. फरसही तीच. एप्रिलच्या दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालणारा भक्त ती भक्तीनं घालत नाही, उड्या मारत घालतो. तर कित्येक देवस्थानांनी हल्ली फरशीवर पांढऱ्या रंगाचा एक रुंद पट्टाच ओढलाय. त्यावरून चाला, पाय भाजत नाहीत. आठ-दहा डबे रंग, एक ब्रश, झालं काम. अहवाल नाही, सल्लागार नाही, उद्घाटन नाही. ट्रस्टींना भौतिकशास्त्र येतं की नाही कुणास ठाऊक, पण अनवाणी माणूस त्यांना रोज दिसतो. धोरण ठरवणाऱ्यांना तो दिसत नाही, कारण ते बूट घालून एसी गाडीतून येतात. गाडी अर्थातच पांढरी.

पांढऱ्या गाडीचं कौतुक खोटं नाही. अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेनं एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या तासभर उन्हात उभ्या केल्या. टपांच्या तापमानात २५ अंशांपर्यंत फरक; आतल्या हवेत पाच-सहा. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीचं अंग काळं, पण टप पिवळं होतं. ऊन दुपारी वरून येतं, बाजूनं नाही. कोणी विचार करून तसं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बरोबर गोष्टी बहुतेक चुकूनच होतात.

आता इतर कोणाकोणाला पांढरा रंग मिळालाय ते पाहा. पेट्रोलच्या डेपोतल्या मोठमोठ्या टाक्या पांढऱ्या नाहीतर चंदेरी असतात, कारण टाकी तापली की माल वाफ होऊन उडून जातो. इंग्लंडात कडक उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ काही ठिकाणी पांढरे रंगवतात. पाच ते दहा अंश फरक पडतो आणि रूळ वाकायचे टळतात. थर्मामीटरचं तर सांगितलंच. पेट्रोल, पोलाद आणि पारा. ज्या वस्तूचं नुकसान जमाखर्चात दिसतं तिला पांढरं नेसवायचं, हा जगाचा नियम.

आणि पाण्याची टाकी काळी. त्यालाही कारण आहे, उगाच नाही. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळली की उन्हातल्या अतिनील किरणांनी ते लवकर तडकत नाही, आणि आत उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही. कारण बिनतोड आहे. त्यामुळे मे महिन्यात दुपारी दोन वाजता नळ सोडला की चहाचं आधण येतं, आणि अंघोळीसाठी माणसं आदल्या रात्री बादली भरून ठेवतात. फुकटचा सोलर हीटर, फक्त तो आपल्याला जानेवारीत हवा असतो. बाहेरून पांढरी नि आतून काळी अशी दुपदरी टाकीही मिळते. दोन्ही कामं होतात. थोडी महाग पडते म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती नामंजूर होते, आणि त्याच मीटिंगमध्ये गेटवर सोनेरी अक्षरांत सोसायटीचं नाव लिहायला पैसे मंजूर होतात.

डांबराचंही तेच. नव्या डांबरी रस्त्यावर पडलेल्या शंभर भाग उन्हातले पाच-एक भाग परत जातात, बाकीचे रस्ता पितो. जुना, झिजून राखाडी झालेला रस्ता दहा-बारा परतवतो. चंद्रही साधारण बाराच परतवतो. म्हणजे मधुचंद्राच्या रात्री ज्याच्याकडं बघून माणसं उसासे टाकतात तो रंगानं एखाद्या जुन्या डांबरी रस्त्याइतकाच गोरा. मागं आकाश काळंकुट्ट आहे म्हणून उठून दिसतो, इतकंच. स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, निमगोरी, गव्हाळ' असे बारकावे लिहिणाऱ्यांनी आणि लगेच पुढच्या वाक्यात 'चंद्रमुखी' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सगळ्यात गंमत मात्र टिनाची. कोरा टिनपत्रा चकचकीत दिसतो. माणसाला वाटतं, एवढा चमकतोय तर ऊन परतवत असेल. परतवतो की, बऱ्यापैकी. मग त्याखाली भट्टी का? कारण तापण्याचा हिशेब दोन खात्यांचा असतो. आत किती घेतलं आणि बाहेर किती सोडलं. चुन्याचा लेप ऊन आत घेतो थोडं, आणि जे घेतलं तेही न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी आकाशात भराभर परत सोडतो. कोरा धातू घेतो चुन्यापेक्षा जास्त, आणि सोडायचं म्हटलं की हात आखडता. कंजूस सावकार. गंजून तांबडा-काळा झाला की घ्यायची भूक आणखी वाढते. सोडण्याच्या बाबतीत काजळी आणि चुना दोघंही सारखेच उदार; त्या किरणांच्या नजरेनं पाहिलं तर दोघं काळेच आहेत. तिथं रंगभेद नाही.

रंग म्हणून आपल्याला जे दिसतं ते सगळं नसतंच. सूर्याच्या ऊर्जेतला जवळजवळ अर्धा भाग डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेले दोन सारखेच करडे रंग उन्हात वेगवेगळे तापू शकतात. दुकानदार "थंडावा देणारा" म्हणून जो महाग डबा विकतो त्यात कधी हे खरं विज्ञान असतं, कधी नुसता डबा असतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग केल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. उत्तमच. पण आपलं गाडं अजून पहिल्या डब्यापाशी अडलंय.

सगळ्यांचं अडलेलं नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. शहरानं त्याची लाज बाळगली. २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा आराखडा केला आणि २०१७ पासून गरिबांच्या वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. असं छप्पर केलं की खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. कूलरवाल्याला दोन अंश म्हणजे काहीच नाही. कूलर नसलेल्याला, ज्याच्या टिनाखाली दुपारी लेकरू झोपवायचं असतं, त्याला विचारा.

पांढरा रंग म्हणजे रामबाण, असं मात्र कोणी समजू नये. लॉस एंजेलिसनं काही रस्त्यांवर फिकट लेप दिला. रस्ता थंड राहिला. पण संशोधकांनी मोजलं तेव्हा दिसलं, की रस्त्यानं परतवलेलं ऊन दुपारी चालणाऱ्याच्या अंगावर जातंय. ऊन परतवायचं तर ते आकाशाकडं गेलं पाहिजे, शेजाऱ्याकडं नाही. छपरावरचं आकाशाकडं जातं, रस्त्यावरचं पादचाऱ्याकडं. नागपूरकर आपल्या सिमेंटच्या रस्त्यांना उठता-बसता शिव्या देतात. सिमेंट डांबरापेक्षा फिकं आहे, ऊन जास्त परतवतं, सगळं कबूल. परतवतं कुठं, हे आमचं तोंड सांगेल. रस्त्याला रंग नको, कडुनिंब हवा. तो आम्ही रस्ता रुंद करताना तोडला.

छपराचं मात्र तसं नाही, तिथं काम सोपं आहे, आणि साहित्य घरातलं आहे. चुना. आपले आजोबा दिवाळीला घराला चुना काढायचे. आपण भिंतींना गडद करडा रंग दिला, कारण मासिकातल्या फोटोत तो छान दिसतो. तो फोटो थंड देशातला असतो. चुना लावणं हा शब्दप्रयोग तेवढा आपण जपून ठेवलाय, आणि त्याची अंमलबजावणी सर्व पातळ्यांवर चालू असते. एवढा चुना वर्षानुवर्षं लागतो आहे, तर त्यातला थोडा छपराला लागायला काय हरकत आहे?

सरकार लावील तेव्हा लावील. तुमची सिमेंटची गच्ची असेल तर तुम्ही फेब्रुवारी संपायच्या आत लावा. चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, धरून राहावा म्हणून डिंक किंवा फेव्हिकॉल घाला. नीळ घालायचा मोह आवरा. नीळ घातल्यानं पांढरं जास्त पांढरं दिसतं, पण ऊन थोडं जास्तच पितं. दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. टिनावर चुना टिकत नाही, पोपडे धरून सुटतो. तिथं टिनासाठीचाच पांढरा रंग आणावा लागेल, पैसे जातील. आणि कशालाही हात घालण्याआधी गच्ची झाडून, धुऊन घ्या. धुळीवर चुना धरत नाही.